समोर येऊन बोल

आमच्या मोठ्या आईला मागून हाक मारलेली चालत नसे. चालत नसे म्हणजे ती ओ द्यायचीच नाही. पुढं तिच्या दोन्ही कानांत मशीन आलं, तुम्ही काय म्हणालात ते सगळं तिच्यापर्यंत पोचलेलं असायचं, तरी ती खाली मान घालून मेथीच्या जुड्या बांधत बसायची. पुन्हा हाक मारा, आवाज चढवा, काही उपयोग नाही. शेवटी वळसा घालून तिच्यासमोर यावंच लागे. मग ती, जणू तुम्ही आत्ताच वेशीतून आत आलात अशा चेहऱ्यानं, वर बघून म्हणायची, "हं, बोल आता. तोंड दिसू दे."

लोकांना वाटे, म्हातारीला कमी ऐकू येतं, काय करणार बिचारी. मला ठाऊक होतं, ती बिचारी वगैरे काही नव्हती. ती सूड घेत होती.

अंगणात तिची बाज निंबाच्या सावलीत असायची आणि आल्यागेल्यासाठी ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची बरोबर उन्हात. दुपार कलली की दोन्हींच्या जागा बदलायच्या, पण सावली तिचीच. कानाच्या डॉक्टरीणबाईनं तिला सांगितलं होतं, आजी, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असं बसत जा, ओठ दिसले की अर्धं बोलणं तिथंच समजतं. त्या बाईच्या मनात खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल. मोठ्या आईनं त्यात वर्धा जिल्ह्याचा सूर्य घातला. एकदा सरपंच तिच्या धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, नळाचा पाइप न्यायची परवानगी मागायला आले, तेही एप्रिलात. त्यांनी खुर्ची सावलीकडे ओढली तर ही म्हणाली, "तिथंच राहू द्या भाऊ. सावलीत तुमचं तोंड नाई दिसत." ग्रामसभेत ही बोलायला उठली तेव्हा ‘त्या भैरीले काय समजते’ म्हणून हसणारे हेच सरपंच. बिचारे डोळे बारीक करून, घाम पुसत पुसत पाइपलाइन समजावत होते, आणि ही दर वाक्याला म्हणत होती, "पुन्हा सांगा, पन हळू सांगा." मी आत चहा करत होते. मी तो मुद्दाम सावकाश उकळला.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्याकडे तिला काकू म्हणत नाहीत. सिंदी रेल्वेपासून जवळच आमचं गाव. मोठे बाबा लवकर गेले. मागं राहिली ही, हिची एकुलती एक मुलगी म्हणजे आमची सुनंदाताई, आणि विहिरीकाठचा भाजीचा तुकडा. वांगी, भेंडी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. दर आठवड्याला सिंदीच्या बाजारात ती स्वतः टोपलं घेऊन बसे. तीन भावांतला मधला बापूकाका, आणि धाकटे माझे वडील, पण ते नोकरीपायी सदा बाहेरगावी, मला मोठ्या आईपाशी ठेवून. त्यामुळं मोठे बाबा गेल्यावर घरातला शब्द बापूकाकाकडे गेला. पाहुणे आले की तो बोलणार, सोयरीक असली की तो ठरवणार. काकाला ‘ते’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मी इथं ‘तो’च म्हणणार आहे. कुणाला खटकलं तर पुढचं वाचून मग सांगावं.

मोठ्या आईचे कान एका दिवसात गेले नाहीत. एका दिवसात गेले असते तर धावाधाव तरी झाली असती. आधी बारीक आवाज गेले. बांगड्यांची किणकिण, चिमण्या, दूध वर येतानाची सळसळ. दूध उतू जाऊ लागलं तेव्हा सगळे म्हणाले, हिचं लक्ष कुठं असतं. मग लहान पोरांचं बोलणं पुसट झालं, त्यानंतर बायकांचं. गड्यांचे जाड आवाज येत, पण त्यातले शब्द उलगडत नसत. "आवाज येते व, पन काय मन्लं ते उकलत नाई," असं ती मला सांगे. एक माणूस शांतपणे समोर बसून बोलला तर तिला बऱ्यापैकी कळे. चार जण एकदम बोलू लागले की सगळं गढूळ व्हायचं. बाजारात गिऱ्हाइकाचं बोलणं आणि शेजारच्या टोपल्यावरची आरोळी एकच होऊन तिच्या कानात शिरायची. कानात सारखे रातकिडे किरकिरतात म्हणायची. घरात लसणाचं तेल कोमट करून घातलं गेलं. त्यानं कान तेवढे चिकट झाले.

कान जाण्यापेक्षा वाईट गोष्ट दुसरीच होती. ती ‘काय मन्लं?’ विचारी. समोरचा एकदा सांगे, दुसऱ्यांदा ओरडून सांगे, आणि तिसऱ्यांदा हात झटकून म्हणे, "जाऊ दे, काई नाई." हे ‘काई नाई’ तिनं किती वेळा ऐकलं असेल कुणास ठाऊक. ते मात्र तिला बरोबर ऐकू यायचं. "कोनी काई नाई मन्लं की मी समजतो, काईतरी हाय, अन ते माह्यासाठी नाई," ती म्हणायची. आमच्याकडच्या जुन्या बाया स्वतःला ‘समजतो, जातो’ असंच म्हणतात. घरात हसणं चाललेलं असायचं आणि ही सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघायची. कुणाचं बाळंतपण, कुणाचं भांडण, वावरात काय पेरायचं, तिच्यापर्यंत सगळं शेवटी यायचं, तेही एका वाक्यात.

मग ती मान हलवायला शिकली. हळूहळू कान जाणारं प्रत्येक माणूस शिकतं, हे मला पुढं त्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं. पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटते, समोरचा चिडतो, म्हणून माणूस अंदाजानं ‘हाव, हो’ म्हणून मोकळं होतं. लोक हसले की आपण हसायचं. लोक गप्प झाले की आपण गप्प. दहातल्या आठ वेळा ते खपूनही जातं. सवय लागते आणि बाकीच्यांना वाटतं, हिला तर सगळं समजतं.

सुनंदाताईची सोयरीक आली ती कारंजा घाडगेकडून. मुलाच्या बापाचा हायवेवर ढाबा, दाराशी ट्रक. बापूकाकाचा थोरला तेव्हा रिकामा फिरत होता, त्याला त्या ढाब्यावर चिकटवायचं काकाच्या मनात होतं. आता आमच्याकडची पद्धत अशी: मुलीचा बाप नसला तर बोलणी दीर करतो, पण शेवटचा होकार आईचा. ती बैठकीत पाहुण्यांसमोर येत नाही. आतल्या दाराच्या उंबऱ्याशी पदर घेऊन बसते, आणि बाहेरचा कर्ता पुरुष तिकडे वळून विचारतो. ती हो म्हणाली की साक्षगंधाचा मुहूर्त काढायला मोकळे. मी आणि ताई मागच्या स्वयंपाकघरात पोह्यांच्या मागं होतो. बैठकीत काय झालं ते मला मुलाच्या मामानं सांगितलं, पण फार उशिरा, सगळं होऊन गेल्यावर.

तो मामा खरं बोलणारा माणूस होता. त्यानं भर बैठकीत सांगितलं की मुलाचं आधी एक लग्न झालेलं आहे, ती पोरगी टिकली नाही, याचा हात आवरत नाही, आता सुधारलाय म्हणतात पण तुम्ही विचार करून घ्या. हे ऐकल्यावर बापूकाका उंबऱ्याकडे वळला. तोंडात तंबाखूचा खर्रा, तोंडावर हात, अर्धा चेहरा पाहुण्यांकडे. "वयनी, आयकलं ना सारं? तुमची हरकत नाई ना?" रोज मोठ्या आईशी बोलताना हा माणूस पलीकडच्या वावरात ऐकू जाईल असा ओरडायचा. त्या दिवशी देवळात बोलावं तसं बोलला. मोठ्या आईला दिसलं ते एवढंच की सगळे आपल्याकडे बघताहेत आणि उत्तराची वाट बघताहेत. तिनं मान हलवली.

लग्न होऊन गेलेली ताई सासरहून कायमची परत आली तेव्हा तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. अजून जात नाही. बाकीचं मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. मोठी आई तडक बापूकाकाच्या दारात गेली आणि विचारलं, त्या घरचं तुला काय काय माहीत होतं. मी सोबत होते. त्यानं खर्रा थुंकला आणि तिच्या कानाशी येऊन, आता मात्र चांगला ओरडून म्हणाला, "साऱ्याइच्या समोर तुमाले इचारलं होतं. तुमीच मान हालवली. आता माह्यावर काऊन येता?" गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं. बायका पदर तोंडाला लावून म्हणू लागल्या, आईनंच पोरीला लोटलं. अशा माणसाला काय म्हणावं? मी जे म्हणते ते छापता येत नाही.

परत येताना ती वाटेत एकच बोलली. "त्यानं माही मान वापरली व." आणि घरी आल्यावर हातपाय धुऊन मला म्हणाली, "मले कानाच्या डाक्टरकडं ने. मले आता सारं आयकाचं हाय. एक बोल सोडाचा नाई."

लोक कान दाखवायला जातात ते नातवंडांचं बोबडं बोलणं ऐकायला, टीव्हीवरचं कीर्तन ऐकायला. ही गेली ती या कारणानं. मी तिला सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानाला भोंगे लावून तपासणी झाली. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण समोर बसून सावकाश बोलली, मोठ्या आईला ती तिथंच आवडली. ती म्हणाली, कानाच्या आतली नस वयानं झिजत गेली आहे, झिजलेलं परत येत नाही, पण उरलेलं वापरता येतं. मशीन दोन्ही कानांत लागेल. आणि आजी, आधी यायला हवं होतं, इतके दिवस आवाज पोचले नाहीत तर डोक्यालाही त्यांची ओळख राहत नाही, ती पुन्हा करून द्यावी लागते. मोठी आई म्हणाली, "देतो करून. मले कोनाची ओळख इसरू द्याची नाई."

मशीन लावल्याचे पहिले दिवस भयंकर होते. तिला वाटलं होतं चष्म्यासारखं असेल, लावला की दिसलं. तिला स्वतःचं चावणं ऐकू येई, चपलेचा फटफट आवाज, कागद चुरगळला तर कान फुटल्यासारखं होई. भांड्यांच्या आवाजानं ती दचकायची. मशीन नीट बसलं नाही की शिट्टी मारायचं. आमच्या गावातल्या दोन म्हाताऱ्यांची मशीनं अशीच आठ दिवसांत कपाटात गेली होती, तुमच्याही घरात कुठंतरी असेल. हिचं गेलं नाही. बाईनं सांगितलं तसं ती आधी शांत घरात थोडा वेळ लावायची, ताईला समोर बसवून पेपर वाचायला लावायची, मग दोन माणसांत, मग अंगणात, आणि बाजारात सगळ्यात शेवटी. निजताना काढून, पुसून कोरड्या डबीत. केस धुताना काढलेलं. सेल संपत आले तर पदराच्या गाठीत दुसरे तयार. मी एकदा म्हटलं, किती करतेस गं. ती म्हणाली, "राग असला की माणूस सारं नीट करते."

एक गोष्ट मात्र तिच्या रागातही बसत नव्हती. मशीन आल्यावर तिला कळलं की ताई टोपलं उचलताना बारीक कण्हते. रोज, प्रत्येक वेळी. त्या दिवशी ती विहिरीपाशी बसून रडली. "पोरगी माह्या बाजूले कन्हत होती, अन मी तिले मनत होतो, उचल लवकर." त्यानंतर टोपलं तिनं ताईला उचलू दिलं नाही, आणि बापूकाकाचं नाव आमच्या घरात कुणी काढलं की ती उठून जायची.

बाकीच्यांचे हिशेब तिनं सावकाश फेडले. आमच्याकडे भाजीवर मूठभर सांभार फुकट टाकायची रीत आहे. सिंदीच्या बाजारात जी बाई कधीकाळी हिला ‘भैरी’ म्हणाली होती, तिच्या पिशवीत तो सांभार पुन्हा कधी पडला नाही. त्या बाईनं मागितला तर मोठी आई हात कानाशी नेऊन गोड हसायची. एका भाच्याला तिच्यासमोरच तिच्याबद्दल दुसऱ्याशी बोलायची खोड होती, ‘हिला विचार, जेवली का’ असं. त्याच्या लग्नात ती त्याच्या शेजारी उभी राहून नवरीला म्हणाली, "याले इचार, जेवला काय." मोठ्यानं, माइकजवळ. भाचा अजून तिच्या फोटोला नमस्कार करताना खाली बघतो. मला यात काहीही वाईट वाटत नाही. तिच्याशी नीट वागणाऱ्यांना, म्हणजे समोर येऊन, एकेकानं, ओरडाआरडा न करता बोलणाऱ्यांना, तिच्याइतकं मायेचं माणूस नव्हतं. एखादं वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा न किंचाळता वेगळ्या शब्दांत सांगा, एवढंच ती मागायची. हे एवढंसं करायला लोकांचं काय जातं, हे मला आजही समजत नाही.

कान तेवढ्यावर थांबले नाहीत. मशीन लावलं म्हणजे झीज थांबते असं नाही. दरवर्षी आम्ही सावंगीला जायचो, दरवर्षी थोडं आणखी गेलेलं असायचं, बाई मशीन पुन्हा बसवून द्यायची. मोठी आई विचारायची, "अजून किती वर्सं पुरन?" बाई हसून म्हणायची, पुरेल आजी. मोठी आई कशासाठी विचारते हे बाईला कुठं माहीत.

आणि मग बापूकाकाचे कान गेले.

घरात ते पहिल्यांदा ओळखलं मोठ्या आईनंच. तो एका बारशाला आला होता. टीव्हीचा आवाज त्यानं वाढवला, पोरांनी कमी केला, त्यानं पुन्हा वाढवला. बायका काही बोलल्या की तो नुसता बघायचा. सगळे हसले की तो एक श्वास उशिरा हसायचा. त्याच्या नातीनं विचारलं, आजोबा, पाणी हवं की चहा, तर त्यानं मान हलवली. मोठी आई पानं वाढता वाढता थांबली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "बापूचे कान गेले," आणि त्या संध्याकाळी तिनं पाटोडीचा रस्सा केला, जो ती सणालाच करायची.

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी म्हटलं, मोठी आई, देवानं ताटात वाढून दिलं. चार माणसं जमव. हळू आवाजात विचार त्याला, बापू, सुनंदाचं वाटोळं तू केलं ना? तो मान हलवेल. सगळे बघतील. त्यानं जसं केलं तसंच. मी एवढ्या उत्साहानं सांगत होते आणि ती शेंगा निवडत होती. सूप बाजूला सारून म्हणाली, "नाई. ज्यानं आयकलंच नाई, त्याची मान मी धरत नाई. मी काय बापू हाय?"

पुढच्या आठवड्यात ती त्याच्या घरी गेली. इतक्या वर्षांत तिनं तो उंबरा ओलांडला नव्हता. त्याला म्हणाली, बापू, चल, कान दाखवू. तो म्हणाला, मले चांगलं आयकू येते, लोकच हळू बोलून राह्यले. हे वाक्य या दुखण्यातला प्रत्येक माणूस बोलतो. ती दर दोन-चार दिवसांनी जायची. त्याला म्हणायची, लोकं तुह्या मागं हासतात बापू, मले आयकू येते. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जात होता, त्यामुळं त्याला ‘तू’ म्हणायचा हक्क तिच्याकडे होता आणि तो तिनं शेवटपर्यंत वापरला. अखेर तो तयार झाला. त्याच्या पोरांना वेळ नव्हता. सावंगीला त्या दोघांना ऑटोनं मीच घेऊन गेले. वाटेत तो मला म्हणाला, "तुही मोठी आई देवमाणूस हाय. सारं पोटात घातलं तिनं." मी बाहेर बघत राहिले. बोलले असते तर ऑटो थांबवावा लागला असता.

त्या रात्री मी तिच्याशी भांडले. ताईचा हात तुला दिसत नाही का, गाव तुला माफ करणारी संत म्हणतंय, याची लाज वाटत नाही का, वाटेल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थांब जराशी. पोरी, तुले घाईच लय."

मग तिनं त्याला शिकवायला घेतलं. सकाळी तो येई, ती त्याला समोर बसवी आणि ताई पेपर वाची. त्यानं कानातून मशीन काढायला हात नेला की ही त्याच्या हातावर फटका मारी. "लाव. डोकं दुखते तर दुखू दे. माहंही दुखलं." त्याला सेल बदलायला शिकवलं, डबी दिली, केस कापायला जाताना मशीन काढायची आठवण करून दिली. त्यानं अंदाजानं मान हलवली की ती म्हणायची, "काय मन्लं मी, बोलून दाखव." सांगता आलं नाही तर पुन्हा. त्या माणसाला आयुष्यात कुणी इतकं समोर बसवलं नसेल. हळूहळू ताई पेपर घेऊन लांब बसू लागली. मग मोठी आई आवाज कमी करू लागली. मग एके दिवशी ती उठून आतल्या दाराच्या उंबऱ्याशी जाऊन बसली, तिथून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बापू, आज वांग्याची भाजी हाय, भाकर खाऊन जाजो." बैठकीतून बापूकाका म्हणाला, "वांग्याची? खातो." मी तिथं होते. मोठ्या आईच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याला आनंद म्हणवत नाही. तेव्हा कुठं मला समजलं, ही इतके महिने काय करत होती.

मोठी आई आता नाही. मागच्या हिवाळ्यात गेली, झोपेत, मशीनं पुसून डबीत ठेवलेली होती. गावात अजून म्हणतात, दिराला कान देणारी बाई, असं मन पाहिजे. मी कुणाला काही बोलत नाही. ज्यांना खरं माहीत आहे ते आम्ही चौघंच होतो, आता तिघं उरलो, आणि बापूकाका सांगणार नाही. म्हणून मी लिहून ठेवते.

अक्षय तृतीया होती. मोठ्या बाबांच्या नावाची घागर भरली होती, बापूकाका जेवायला आला होता. आमरस झाला, पुरण झालं. तो बैठकीत जाऊन बसला, मी पाण्याचा तांब्या ठेवून तिथंच टेकले. मोठी आई उंबऱ्याशी येऊन बसली आणि तिनं ताईला हाक मारून शेजारी बसवलं.

"बापू," ती म्हणाली. आवाज जराही चढवला नाही. "सुनंदाच्या बैठकीत तू मले इथंच इचारलं होतं. मले आयकू येत नाई, हे तुले माहीत होतं काय?"

त्याला ऐकू आलं. त्याच्या तोंडावर ते आधी आलं आणि मग तो इकडेतिकडे बघू लागला. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. सवयीनं मान हलवायला लागला, तेवढ्यात ती म्हणाली, "मान नको. तोंडानं सांग."

"माहीत होतं," तो म्हणाला.

"मंग काऊन इचारलं?"

तो खोटं बोलेल असं मला वाटलं होतं, मी तयारीत होते. पण इतके महिने रोज सकाळी तिच्यासमोर बसून त्याची ती सवय मोडली असावी, किंवा वय झालं होतं. पायाकडे बघत तो म्हणाला, "माहीत होतं मनूनच इचारलं, वयनी."

ताईनं डावा हात उजव्या हातात धरला. मला उठून त्याला धरावंसं वाटत होतं, उन्हात ओढून न्यावंसं वाटत होतं. मोठी आई हलली नाही. बापूकाकाचा हात मशीन काढायला कानाकडे गेला.

"राहू दे कानात," ती म्हणाली. "माहं इचारून झालं. आता सुनंदा बोलीन. तिच्या नवऱ्याच्या घरी काय काय झालं, ते सारं. कोनीच आयकलं नाई अजून."

बापूकाकानं हात खाली घेतला. ताई उठून त्याच्यासमोर पाटावर जाऊन बसली. बाहेर वैशाखातलं ऊन होतं आणि खिडकीत कूलर मोठ्यानं घरघरत होता. मशीनमध्ये तो आवाज शिरला की समोरच्याचं अर्धं बोलणं बुडतं, हे तिघींनाही ठाऊक होतं. मोठी आई उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं कूलर बंद केला.

मग ताईनं सांगायला सुरुवात केली.